संगणकाचा सपोर्ट संपला. खुलासा मात्र कारकुनाने द्यायचा!



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. त्या कारणाने दुसऱ्या दिवशी आपल्यापैकी कोणाच्याही खिडकीवरचे यंत्र बंद पडले नाही. बटण दाबले, पडदा उजळला, पासवर्ड मागितला, रांग सरकू लागली. म्हणूनच साहेबलोकांना हा प्रश्न वाटत नाही. इमारतीचा रखवालदार कमी केला म्हणून त्याच रात्री चोरी होते असे नाही. पण ज्या रात्री होईल त्या रात्री हजेरीपटावर नाव कोणाचे असेल, हे आम्हांला अनुभवाने ठाऊक आहे.

ज्यांना ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय असा प्रश्न पडेल त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की तो यंत्रातला स्टेशनमास्तर आहे. आरक्षणाचा, स्पीड पोस्टचा, बचत खात्याचा कार्यक्रम ही गाडी. कोणती गाडी कोणत्या फलाटावर घ्यायची, छपाईयंत्राला केव्हा सिग्नल द्यायचा, कोणाला आवारात शिरू द्यायचे नाही, हे मास्तर ठरवतो. गाडी कितीही नवी असो, मास्तर झोपला की अपघात ठरलेला.

आमच्या एका सभासद भगिनीची हकिगत ऐका. कार्यालय कोणते ते मुद्दाम लिहीत नाही. आपल्यापैकी प्रत्येकाला ते आपलेच वाटेल. महिनाअखेरचा दिवस, खिडकीवर गर्दी. खातेदाराचे पैसे घेतले, नोंद टाकली, आणि पडदा गोठला. यंत्र बंद करून चालू केले. नोंद दिसेना. रांगेतली माणसे ओरडू लागली, तेव्हा बाईंनी नोंद पुन्हा टाकली. संध्याकाळी हिशेबाला बसल्या तर नोंदी दोन आणि पैसे एकाचेच. तूट त्यांनी त्या रात्री पदरचे पैसे घालून भरली. आठवड्याने मेमो आला, कामात निष्काळजीपणा का केला याचा खुलासा करा. १९६५ च्या सीसीएस वर्गीकरण, नियंत्रण व अपील नियमांतील नियम ११ प्रमाणे निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान वेतनातून वसूल करता येते आणि ती 'किरकोळ' शिक्षा समजली जाते. रेल्वेतील बांधवांना १९६८ च्या शिस्त व अपील नियमांत हीच तरतूद सापडेल. दोन नोंदींच्या वेळा काढून युनियनने पाठपुरावा केला तेव्हा पैसे परत मिळाले, पण त्याला महिने गेले.

दोष ऑपरेटिंग सिस्टिमचा होता, नेटवर्कचा होता की पलीकडच्या सर्व्हरचा, हे कोणी तपासलेच नाही. तपासायला माणूसच नव्हता. कंत्राटदाराचा मुलगा दोन दिवसांनी आला, तारा काढून पुन्हा जोडल्या, सहीचा कागद पुढे केला आणि निघून गेला. त्या पोराला आम्ही दोष देत नाही. त्याच्याकडे अशी कित्येक कार्यालये आणि पगार म्हणून जेमतेम पोटापुरते. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तर निदान फाशी देणाऱ्याने आपली यंत्रे कोणत्या स्थितीत आहेत ते सांगावे, एवढेच आमचे म्हणणे.

आता या प्रश्नावर दोन उत्तरे ऐकू येतात. वरून उत्तर येते, जुनी यंत्रे मोडीत काढू, विंडोज ११ ची नवी घेऊ. आपल्यातल्या तरुण, हौशी मंडळींचे उत्तर असते, लिनक्स टाका, फुकट आहे, व्हायरस नाही, कटकट मिटली. दोन्ही उत्तरे जशीच्या तशी आम्हांला मान्य नाहीत. ऑपरेटिंग सिस्टिमची तुलना तीन गोष्टींवर होते: तिच्यात सोयी काय, ती टिकते किती, आणि अडले तर उत्तर कोण देतो. विक्रेता सोयींपासून सुरू करतो आणि तिसऱ्या गोष्टीपाशी आला की फोन नंबर देतो. खिडकीवर बसणाऱ्याने ही वही मागून वाचली पाहिजे.

सोयींचे पाहू. आपल्या खिडकीला लागते काय? पासबुक छापणारे यंत्र, ठोके मारणारा जुना प्रिंटर, बारकोड वाचणारी बंदूक, वजनकाटा, अंगठ्याचा ठसा घेणारी डबी, डिजिटल सहीची किल्ली, आणि मराठी-हिंदी टंकलेखन. या बाबतीत विंडोज पुढे आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. ती सर्वांत चांगली आहे म्हणून नव्हे, तर बाजारातला प्रत्येक डबीवाला आपल्या डबीचा ड्रायव्हर आधी विंडोजसाठी लिहितो म्हणून. लिनक्सवर साधे प्रिंटर आणि स्कॅनर बहुधा लावताच चालतात. अंगठ्याची डबी आणि सहीची किल्ली मात्र अजूनही घाम काढतात. मॅकओएस देखणी आणि नीटनेटकी आहे, पण ती ॲपल कंपनीच्याच यंत्रावर चालवायची असते. त्या किमतीत आपली खिडकी कोणी सजवणार नाही, तेव्हा तिचे गुणगान साहेबांच्या टेबलापुरते राहू द्या. तिथेही २०२५ मध्ये आलेली आवृत्ती इंटेलच्या प्रोसेसरवर चालणारी शेवटची, असे कंपनीने सांगून टाकले आहे.

मराठीच्या बाबतीत आता तिन्हींकडे युनिकोड आणि इनस्क्रिप्ट कळफलक आहे. ज्यांनी जुन्या फॉन्टमध्ये अर्ज टाइप करून ते दुसऱ्या टेबलावर अगम्य चिन्हे झालेले पाहिले आहेत, त्यांना याचे मोल सांगायला नको.

एक जुनी चूक मात्र येथे नोंदवली पाहिजे. एके काळी अनेक सरकारी कार्यक्रम असे लिहिले गेले, की ते इंटरनेट एक्सप्लोरर या एकाच ब्राउझरमध्ये चालावेत. मग त्यासाठी विंडोज हवी, विंडोजची तीच आवृत्ती हवी, त्या आवृत्तीसाठी तेच यंत्र हवे. १५ जून २०२२ रोजी कंपनीने तो ब्राउझर निवृत्त केला, आणि पेन्शनीत गेलेल्या त्या कार्यक्रमासाठी नव्या ब्राउझरमध्ये जुन्याचे सोंग काढणारी सोय वापरत बसावे लागले. कर्मचाऱ्याने विंडोज निवडली नव्हती. कार्यक्रम लिहून घेणाऱ्याने ती त्याच्या गळ्यात बांधली. नवे कार्यक्रम कोणत्याही ब्राउझरमध्ये चालणारे असले, तर खाली मास्तर कोणताही चालतो. ही अट निविदेतच घालता येते. २०१५ च्या केंद्र सरकारच्या मुक्त स्रोत धोरणाप्रमाणे निविदेत मुक्त सॉफ्टवेअरचा विचार व्हायला हवा, आणि ते वगळायचे तर कारण द्यावे लागते. ती कारणे कधी कर्मचारी पक्षासमोर ठेवली गेली का?

आता टिकाऊपणा. १९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवा. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीने आपल्या कार्यक्रमाची एक सदोष फाइल जगभर पाठवली आणि सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळा पडदा दाखवून बसली. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. चूक मायक्रोसॉफ्टची नव्हती, हे खरे. पण बाहेरच्या कंपनीच्या कार्यक्रमाला विंडोजच्या गाभ्यात इतके आत शिरू दिलेले होते, की त्याचा पाय घसरला आणि सगळा डोलारा कोसळला. त्या दिवशी लिनक्स आणि मॅक यंत्रे चालू राहिली. एवढ्यावरून कोणी लिनक्सच्या नावाने आरती सुरू करू नये. आम्हांला त्या दिवसातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. कंपनीने सुधारलेली फाइल दीड तासाच्या आत पाठवली होती, तरी बंद पडलेली बहुसंख्य यंत्रे तिने उठली नाहीत. प्रत्येक यंत्रापाशी माणसाला जावे लागले, ते सेफ मोडमध्ये चालू करावे लागले आणि ती फाइल हाताने पुसावी लागली. जिथे तंत्रज्ञ हाताशी होते तिथे काम लवकर सुरू झाले. जिथे सगळे बाहेर देऊन टाकले होते तिथे माणसे फोन लावत बसली.

आणि मे २०१७ चा वॉनाक्राय? दीडशे देशांत यंत्रे कुलूपबंद करून खंडणी मागणारा तो कार्यक्रम. जर्मन रेल्वेच्या स्थानकांवर गाड्यांच्या वेळा दाखवणाऱ्या फलकांवर खंडणीची चिठ्ठी झळकली. गाड्या धावत राहिल्या, पण फलकाखाली उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला प्रवाशांनी काय विचारले असेल ते आपल्याला सांगायला नको. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे संगणक सापडले. सर्वांनी बोट दाखवले विंडोज एक्सपीकडे, कारण तिचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ रोजीच संपला होता. पण नंतर मोजदाद झाली तेव्हा दिसले, की बळी पडलेली बहुतेक यंत्रे विंडोज ७ ची होती. विंडोज ७ चा सपोर्ट तेव्हा चालू होता. दुरुस्ती दोन महिने आधी, मार्चमध्येच निघाली होती. ती लावायला कोणी आले नव्हते, एवढेच!

म्हणजे कंपनीचा कागदावरचा सपोर्ट वेगळा आणि कार्यालयापर्यंत पोहोचणारा सपोर्ट वेगळा. ही तफावत ज्याच्या ध्यानात येईल त्याला पुढचे सगळे समजेल.

कागदावरचा सपोर्ट आधी पाहू, कारण तोही दिसतो तसा नाही. एक्सपी २००१ मध्ये आली आणि २०१४ मध्ये गेली. विंडोज ७ आली २००९ मध्ये, गेली १४ जानेवारी २०२० रोजी. विंडोज १० आली जुलै २०१५ मध्ये. आता विंडोज ११ हवी तर टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर हवा. साधारण २०१७-१८ च्या आधीचे प्रोसेसर त्या यादीत बसत नाहीत. यंत्र धडधाकट आहे, काम करते आहे, पण यादीत नाही, म्हणून मोडीत. जुन्यावरच राहायचे तर पैसे मोजा. संस्थांसाठी दर यंत्री पहिल्या वर्षी ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी दुप्पट, तिसऱ्या वर्षी त्याच्याही दुप्पट. तीन वर्षांचे ४२७ डॉलर होतात, आणि त्यानंतर तेही दार बंद. सावकारी व्याजाची आठवण कोणाला झाली तर ती चुकीची नाही.

कंपनी म्हणते, जुनी सिस्टिम सांभाळणे शक्य नाही. मग याच विंडोज १० ची आयओटी एंटरप्राइझ एलटीएससी २०२१ ही आवृत्ती आहे. ठराविक एकच काम करणाऱ्या यंत्रांसाठी ती विकली जाते, आणि तिचा सपोर्ट जानेवारी २०३२ पर्यंत आहे. तेव्हा शक्य-अशक्य हा तंत्राचा प्रश्न नाही. कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही, हा धंद्याचा निर्णय आहे. तिकिटाच्या खिडकीपेक्षा ठराविक काम दुसरे कोणते? खरेदी करणाऱ्यांनी दहा वर्षे चालणारी आवृत्ती मागितली होती की दुकानातली उचलली, हे आम्हांला विचारायचे आहे.

लिनक्सकडे येऊ. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याचा गाभा लिहायला घेतला आणि आज जगभरचे लोक तो लिहितात. त्याचा मजकूर उघडा आहे, म्हणून एका कंपनीने हात झटकले तरी दुसरा कोणी, आपण स्वतः देखील, तो सांभाळू शकतो. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे नेहमीचा सपोर्ट असतो, पैसे भरणाऱ्या संस्थांना त्याहून जास्त. डेबियनला तीन अधिक दोन वर्षे. डेबियनवर उभी केलेली बॉस ही सिस्टिम आपल्याच सी-डॅकची आहे आणि तिच्यात भारतीय भाषांची सोय आहे. पण येथेही जुन्या यंत्राला आयुष्यभराचा पास मिळत नाही. ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ ने जुन्या ३२ बिटी यंत्रांवर नव्याने बसवण्याची सोय काढून टाकली आहे.

आणि 'फुकट' या शब्दापाशी तर कामगाराने थबकलेच पाहिजे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या छोट्याशा कार्यक्रमात चोरदरवाजा सापडला. फाइली दाबून लहान करणारा हा कार्यक्रम बहुतेक प्रत्येक लिनक्समध्ये असतो. दोन वर्षांहून अधिक काळ मदतनीस म्हणून वावरलेल्या एका अनोळखी माणसाने तो दरवाजा बसवला होता. तो पकडला मायक्रोसॉफ्टच्याच एका अभियंत्याने. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो या शंकेतून. पण मुळात शिरकाव झाला कसा? तो कार्यक्रम वर्षानुवर्षे एकच माणूस विनावेतन सांभाळत होता. तो थकला होता, मनाच्या आजाराने त्रस्त होता, हे त्याने उघड सांगितलेही होते. जगातल्या मोठमोठ्या कंपन्या त्याच्या श्रमावर धंदा करत होत्या. विनामूल्य सॉफ्टवेअर याचा अर्थ कोणाच्या तरी बिनपगारी घामावरचे सॉफ्टवेअर असा असेल, तर त्याचे स्वागत करणारे आम्ही नव्हे.

मग आमचा कौल कोणाला? कंपनीच्या नावाला नव्हे. ज्या सिस्टिमची दुरुस्ती आपल्या खात्याचा पगारी, शिकलेला माणूस करू शकेल तिला. हा हवेतला विचार नाही. रेल्वेच्याच इतिहासात त्याचा दाखला आहे. परकीय चलनाच्या कायद्यानुसार भांडवलातला वाटा कमी करायला आयबीएम तयार झाली नाही आणि १९७८ मध्ये भारतातून निघून गेली. तेव्हाही म्हटले गेले, आता यंत्रे बंद पडणार. सीएमसी या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने त्या यंत्रांची देखभाल हाती घेतली आणि यंत्रे चालत राहिली. दुसऱ्याची यंत्रे उघडून, दुरुस्त करून जे हात तयार झाले त्याच सीएमसीने १९८५-८६ मध्ये दिल्लीत रेल्वेची संगणकीकृत आरक्षण प्रणाली, इम्प्रेस, उभी केली. पुढे रेल्वेच्या स्वतःच्या क्रिस संस्थेने कॉन्सर्ट लिहिली आणि देशातली आरक्षणे एकमेकांना जोडली. खाली व्हीएमएस नावाची परदेशी ऑपरेटिंग सिस्टिम होती. तिची मूळ मालक कंपनी १९९८ मध्ये विकली गेली, विकत घेणारी २००२ मध्ये तिसरीत विलीन झाली, आणि आपल्या खिडक्या तरीही चालत होत्या. कारण वरचा कार्यक्रम आपल्या माणसांच्या हातात होता. सीएमसीचे पुढे काय झाले? २००१ मध्ये निर्गुंतवणुकीत ती विकली गेली. टपाल खात्याने ऑगस्ट २०२५ मध्ये देशभर लागू केलेली नवी प्रणाली म्हैसूरच्या खात्याच्याच तंत्रकेंद्रात तयार झाली, ही गोष्ट म्हणूनच आम्ही मोलाची मानतो. कार्यक्रम घरचा होऊ शकतो, तर खिडकीवरच्या यंत्राची देखभाल घरची का होऊ नये?

केरळचे उदाहरण जवळचे आहे. तिथल्या सरकारी शाळांनी २००० नंतरच्या दशकात लिनक्स स्वीकारले आणि ते आजही टिकून आहे. रहस्य सिस्टिममध्ये नाही. शिक्षकांनाच शिकवून त्यांच्यातून प्रशिक्षक तयार केले. शाळेतले यंत्र अडले तर उत्तर देणारा माणूस जिल्ह्यातच सापडतो. उलट जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये निर्णय घेऊन सुमारे १५,००० यंत्रांवर लिनक्स आणले, कौतुक झाले, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जाण्याचा ठराव केला. राजकारण होतेच, पण बाहेरून आलेले दस्तऐवज नीट उघडत नाहीत, तक्रार केली तर दाद लागत नाही, असे कर्मचारी म्हणत होते, आणि त्यांचा आवाज लिनक्सच्या विरोधकांच्या कामी आला. आपल्या तरुण मित्रांनी हे प्रकरण नीट वाचावे. कर्मचाऱ्याला न विचारता लादलेली चांगली वस्तूही लादलेलीच असते.

आम्ही यंत्रविरोधी आहोत असा शिक्का मारण्याची घाई कोणी करू नये. १९६० च्या दशकात कलकत्त्याच्या आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी संगणकाला विरोध केला तो नोकऱ्यांसाठी. आज यंत्र आलेले आहे, माणसे कमी झालेली आहेत, आणि उरलेल्यांच्या माथी यंत्राच्या चुका आहेत. वाद आता यंत्र असावे की नसावे याचा राहिला नाही.

तेव्हा प्रशासनाने पुढची खरेदी करण्यापूर्वी रेल्वेत पीएनएमच्या आणि टपालात संयुक्त सल्लागार यंत्रणेच्या बैठकीत हे विषय घ्यावेत. यंत्रावरील सिस्टिमचा सपोर्ट कोणत्या तारखेला संपतो हे त्या यंत्रावरच लिहिलेले असावे. तारीख उलटलेल्या यंत्रावर काम करायला लावायचे असेल तर लेखी हुकूम द्यावा, आणि अशा यंत्रावर झालेल्या तुटीची वसुली तांत्रिक तपासणीचा अहवाल येईपर्यंत होऊ नये. जिथे काम ब्राउझरवर चालते तिथे जुनी सुस्थितीतली यंत्रे मोडीत न काढता आधी काही निवडक कार्यालयांत लिनक्स लावून पाहावे. अंगठ्याच्या डबीचे आणि सहीच्या किल्लीचे ड्रायव्हर मिळेपर्यंत त्या खिडक्यांना हात लावू नये, आणि त्यांच्यापुरता वाढीव सपोर्टचा खर्च खात्याने सोसावा. प्रत्येक विभागात देखभालीची कायम पदे निर्माण करून ती आपल्यातल्याच जाणकारांना प्रशिक्षण देऊन भरावीत. कंत्राटावर राबणाऱ्या मुलांना त्यांत प्राधान्य मिळावे.

हे कागद वर जातील तेव्हा आकडे मागितले जातील, आणि ते आपल्याकडे नाहीत ही आपली उणीव आहे. भुसावळ असो, जबलपूर, हुबळी की सिकंदराबाद, शाखांच्या पदाधिकाऱ्यांनी येत्या महिन्यात एक साधी वही घालावी. खिडकीचा क्रमांक, यंत्र कोणत्या साली आले, त्यावर कोणती सिस्टिम व कितवी आवृत्ती, शेवटची दुरुस्ती कधी बसली. शेवटचा रकाना मोठा ठेवा: यंत्र कोणत्या दिवशी, किती वाजता गोठले, तक्रार कोणाला केली, माणूस केव्हा आला. ही नोंद त्याच दिवशी, दोघांच्या सहीने करा. मेमो आल्यावर आठवून लिहिलेली नोंद कोणी मानत नाही. वहीची एक प्रत विभागीय सचिवांकडे द्या, दुसरी खिडकीपाशीच ठेवा.